मुलांनी वेगळा केलेला कचरा पुन्हा एकत्र करू नका

शाळेतली मुलं जो कचरा वेगळा करतात, तो शाळेच्या फाटकाबाहेर गेल्यावर पुन्हा एकत्र होऊ देऊ नका. या लेखातली मागणी एवढीच आहे. वाचायला ती लहान वाटेल. पण चाकणजवळच्या निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, मोई, चिंबळी या सगळ्या पट्ट्यात मुलांच्या हातून जे काम उभं राहू शकतं, ते जगणार की मरणार हे याच एका गोष्टीवर ठरणार आहे.

मुलांना पर्यावरण शिकवायचं राहून गेलंय असं कुणी म्हणू शकणार नाही. राष्ट्रीय हरित सेना २००१-०२ पासून शाळाशाळांत आहे. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे. २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू आहे, त्याची हरित शपथ मुलांनी हात पुढे करून घेतली आहे. पोषण आहारासाठी शाळेच्या आवारात परसबागा झाल्या, त्यांच्या स्पर्धाही झाल्या. मुलं हे सगळं मनापासून करतात. वर्गात दोन डबे ठेवायचे म्हटलं की खडूने ‘ओला’, ‘सुका’ लिहायला चढाओढ लागते. केळीचं साल चुकून सुक्या डब्यात पडलं, तर दुसरीतलं पोरही टाकणाऱ्याला हटकतं.

आणि मग घंटागाडी येते. कितीतरी गावांत तिला एकच हौदा असतो. ओल्याचा डबा त्यात उपडा होतो आणि त्याच्यावरच सुक्याचा. डबे आणून देणारी मुलं तिथंच उभी असतात. त्या क्षणी त्यांना एक धडा मिळतो, तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही: मोठी माणसं सांगतात एक आणि करतात दुसरं. मुलं यावर वाद घालत नाहीत, तक्रारही करत नाहीत. हळूहळू डब्यांवरची अक्षरं पुसट होतात आणि ती पुन्हा लिहायला कुणी पुढं येत नाही. मुलांचा उत्साह टिकत नाही असं मग आपणच म्हणतो. खरं तर तो उत्साह आपणच विझवलेला असतो.

गाव बदललं, कचराही बदलला

निघोजे हे इंद्रायणीच्या उत्तर काठावरचं गाव. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी, नदीपलीकडे तळवडे आणि पिंपरी-चिंचवड. दोन तीर्थांच्या मधलं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या शेतीवर जगलं. मग चाकण औद्योगिक वसाहतीचे टप्पे एकामागून एक पडत गेले. २००९-१०च्या सुमारास फोक्सवॅगन आणि महिंद्राचे वाहनकारखाने इथं उभे राहिले, त्यांच्यामागून सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आल्या. जमिनी गेल्या, पैसा आला, रोजगार आला. मराठवाडा-विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून, ओडिशातून माणसं आली आणि शेताच्या बांधांवर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या.

शेतकरी गावात कचरा नावाची वेगळी गोष्ट फारशी नव्हती. शेण, पालापाचोळा, उष्टं-खरकटं, चुलीची राख, सगळं उकिरड्यात जायचं आणि पावसाआधी खत होऊन शेतात पडायचं. खोलीत राहणाऱ्या कामगाराकडे उकिरडा नाही, परसदार नाही, गुरं नाहीत. शिफ्टवरून थकून आल्यावर तो पिशवीत मिळणारं दूध घेतो, पाकिटातलं खाणं घेतो, डिस्पोजेबल कपात चहा पितो. उरलेलं सगळं एका पिशवीत बांधून खोलीबाहेर ठेवतो. ती पिशवी कुत्री फाडतात, वारा पसरवतो, नाहीतर कुणीतरी संध्याकाळी ओढ्याकडेला काडी लावून देतं. पेटलेल्या ढिगात पीव्हीसीचं काही असलं की धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते, डायॉक्सिनसारखी विषं असतात. तो धूर पहिल्यांदा त्याच खोल्यांत शिरतो, जिथं लहान मुलं झोपलेली असतात.

जे जळत नाही ते पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यातून इंद्रायणीत उतरतं. कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी तुळापूरला भीमेला मिळते, आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे आपल्या ओढ्यातली पिशवी आळंदीच्या घाटावरून पुढं जाते. आळंदीला पाण्यावर पांढरा फेस तरंगताना गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. त्याला मुख्यतः सांडपाणी आणि रसायनं कारणीभूत आहेत, तो प्रश्न मोठा आहे आणि तो सोडवायचं काम मुलांचं नाही. पण आपल्या दारातून नदीत काय जातं, एवढं तर आपल्या हातात आहे.

नदीपलीकडे मोशीत तीन दशकांहून अधिक काळ पिंपरी-चिंचवड शहराचा कचरा साठत आला. तिथं कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी त्याचं उद्‌घाटन झालं. पण यंत्र कितीही मोठं असो, ओलागच्च कचरा नीट जळत नाही. त्यातलं पाणी आटवण्यातच उष्णता खर्च होते. कोट्यवधी रुपयांच्या प्रकल्पालाही शेवटी तेच लागतं जे दुसरीतलं पोर मागतं: केळीचं साल इकडे, पुठ्ठा तिकडे.

शाळा हीच आता गावाची चावडी

हे काम शाळेतूनच का व्हावं? मुलं गोंडस दिसतात, फोटो चांगला येतो, म्हणून मुळीच नाही. त्याचं कारण या पट्ट्याच्या रचनेत आहे.

गावात आज दोन वस्त्या आहेत. एक मूळ गावकऱ्यांची, दुसरी भाडेकरूंची. भाडेकरू ग्रामसभेला येत नाही. त्याचं नाव इथल्या मतदारयादीत नसतं, त्याची सुट्टी वेगळ्या वाराला असते, आणि दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावात खोली घेतो. पंचायतीची सूचना मराठीत फळ्यावर लागते, गाडीवरचा भोंगा मराठीत बोलतो. बऱ्याच भाडेकरूंच्या घरात भोजपुरी किंवा उडिया बोलली जाते. कचऱ्याचं गणित ज्या घरात बिघडतं, तिथवर आपला आवाज पोहोचतच नाही.

पोहोचतं ते मूल. जमीनमालकाची नात आणि भाडेकरूचा मुलगा एका बाकावर बसतात, एकाच पंक्तीला खिचडी खातात. इथली मराठी आणि घरची भाषा दोन्ही ज्याला येतात असं त्या खोलीतलं तेच एक माणूस असतं. ओला डबा रोज द्यायचा, सुकी पिशवी आठवड्याला द्यायची, काच आणि ब्लेड कागदात गुंडाळून द्यायचं, हे ते आईला तिच्या भाषेत समजावून सांगू शकतं. कुठलाही सरकारी विभाग हे करू शकत नाही. म्हणून शाळेतला प्रकल्प मोडला की एक उपक्रमच बंद पडतो असं नव्हे. अर्ध्या गावाशी बोलायची वाटच बुजते.

पुण्याने दाखवलेली वाट

ही वाट नवी नाही. ती पुण्यातच पडलेली आहे, आणि तिची सुरुवात मुलांपासूनच झाली. १९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला लागल्या. त्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर हिंडताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. कचरा घरातूनच सुटा मिळाला तर वेचणाऱ्या बाईचा हात घाणीत जात नाही, वेळ वाचतो आणि मालाला भावही चांगला मिळतो. याच कामातून, डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने, १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढं २००८ च्या सुमारास ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था पुणे महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करू लागली. वेगळा केलेला कचरा वेगळाच राहिला पाहिजे, या आग्रहावर हजारो बायकांचा संसार उभा आहे.

पुण्यातच २०११ मध्ये सागरमित्र अभियान एका शाळेपासून सुरू झालं. त्याची पद्धत इतकी साधी आहे की उद्या निघोजेत सुरू करता येईल. मुलांनी रस्त्यावरचं काहीही उचलायचं नाही. घरात येणारं प्लास्टिक रिकामं करून, स्वच्छ करून, कोरडं करून एका पिशवीत साठवायचं. महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी ती पिशवी शाळेत आणायची. तिथं वजन होतं आणि माल थेट पुनर्वापर करणाऱ्याकडे जातो. शाळेमागून शाळा जोडली जात हे काम हजारो घरांत पोहोचलं. ते टिकण्याचं मर्म उघड आहे. मुलांच्या पिशवीला पुढं जायला जागा होती, घेणारा ठरलेला होता, येण्याचा दिवस ठरलेला होता. मुलांनी आपलं टोक धरलं आणि मोठ्यांनी दुसरं टोक सोडलं नाही.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘विसर्जित गणपती दान करा’ म्हणत कार्यकर्त्यांना नदीघाटांवर उभं केलं तेव्हा त्यांच्याबरोबर शाळा-कॉलेजांतली मुलं होती. विरोध झाला, शिव्या खाव्या लागल्या. आज कितीतरी नगरपालिका आणि महापालिका स्वतः मूर्तिसंकलनाची, कृत्रिम हौदांची, निर्माल्याच्या कुंडांची सोय करतात. फटाक्यांचे पैसे वाचवून पुस्तकं घेण्याचे संकल्पही त्याच काळात वर्गावर्गांतून भरून घेतले गेले. मुलांनी धरलेली गोष्ट मोठ्यांच्या व्यवस्थेने उचलली की ती रीत होऊन जाते, याचा याहून जवळचा दाखला कशाला हवा?

बाहेरही असंच घडलं आहे. इंडोनेशियातल्या बाली बेटावर २०१३ मध्ये मेलाती आणि इसाबेल वाइसन या दहा-बारा वर्षांच्या बहिणींनी प्लास्टिक पिशव्यांविरुद्ध मोहीम काढली. २०१९ मध्ये बालीत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आली. तामिळनाडूत तुतिकोरिनच्या एका शाळेतल्या मुलींनी २०१८ मध्ये खाऊची वीस हजारांहून अधिक रिकामी पाकिटं जमवली, कुठल्या कंपनीची किती ते मोजलं आणि ती ज्या कंपन्यांची होती त्यांनाच पत्रासोबत परत पाठवायची ठरवली. चव आवडते, पण हे पाकीट आम्ही ठेवायचं कुठं, असा त्यांचा रोख होता.

त्या मुलींचा प्रश्न नेमका होता. वेफर्सचं पाच रुपयांचं पाकीट फाडून उलटं करून बघा. बाहेरून छापील, आतून चंदेरी. त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे पातळ थर आणि बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटवलेला असतो. ते थर सुटे करणं कुणाला परवडत नाही. म्हणून भंगारवाला पाण्याची बाटली घेतो, पुठ्ठा घेतो, धुतलेली दुधाची पिशवीही घेतो. चंदेरी पाकीट मात्र घेत नाही. वर्गातला सुका डबा आठवडाभर जपून ठेवला आणि शनिवारी जमिनीवर ओतला, तर सगळ्यात मोठा ढीग या पाकिटांचाच होण्याची शक्यता अधिक. मुलांनी तो ढीग ताणकाट्याने तोलावा, त्याचा स्तंभालेख काढावा. मग शाळेसमोरच्या दुकानात काय विकलं जावं, वाढदिवसाला काय वाटलं जावं यावर मुलंच बोलू लागतील. चॉकलेटांऐवजी घरचे शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की आणायचं ठरलं, तर ते मुलांनी मोजून काढलेल्या उत्तरातून ठरेल, वरून आलेल्या परिपत्रकातून नव्हे.

पिंपात काय घडतं

सुक्याला भंगारवाला लागतो. ओल्याचं काम शाळेच्या आवारातच संपवता येतं, आणि ते बघण्यासारखं असतं.

एक निळं पिंप घ्यायचं. तापवलेल्या सळईने त्याला चहूबाजूंनी भोकं पाडायची, हे काम मोठ्यांनी करायचं. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळलेला पाला. मग पातेल्याच्या तळाची खिचडी, भाजीची देठं, फळांची सालं. ओलं जेवढं पडेल त्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला वरून. कारण ओल्यात नत्र जास्त आणि पाल्यात कर्ब जास्त. सूक्ष्मजीवांना साधारण एका भाग नत्रामागे पंचवीस ते तीस भाग कर्ब लागतो. वरून मूठभर जुनं खत किंवा शेणकाला. दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करायचं.

खरा अभ्यास याच्यापुढं आहे. पाचवीतल्या मुलीने हातमोजा घालून त्यातलं मूठभर उचलावं आणि आवळावं. बोटांमधून थेंबभर पाणी आलं तर ठीक. धार लागली तर ओल जास्त झाली, पाला टाका. काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. आंबूस घाण वास आला तर हवा पोहोचत नाहीये, उकरा. आठवड्याभरात मध्यभागी हाताला गरम लागतं. पांढरे तंतू दिसले की मुलं घाबरतात. ते बुरशीचे आणि तिच्यासारख्याच सूक्ष्मजीवांचे, काम नीट चाललंय याची खूण. दीड-दोन महिन्यांत सगळं काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो. तो नुसता भास नाही. मातीतले आणि खतातले काही जीवाणू जिओस्मिन नावाचं एकच द्रव्य तयार करतात, दोन्हीकडे वास त्याचाच. हे खत परसबागेत जातं, तिथली मेथी-पालक पुन्हा खिचडीत पडते. विज्ञानाच्या पुस्तकातलं विघटन, पोषण आणि चक्र हे तिन्ही धडे एका पिंपात शिकून होतात.

हे पिंप मरतं कसं, तेही सांगायला हवं. मे महिन्याची सुट्टी लागते, कुणी खालीवर करत नाही, जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा त्यात अळ्या झालेल्या असतात आणि पिंप मागच्या भिंतीला पालथं पडतं. किंवा ज्या बाईंनी ते सुरू केलेलं असतं त्यांची बदली होते. किंवा पुढाकार घेणारी सातवीची मुलं शाळा सोडून जातात. कुणाच्याही मनात वाईट नसतं. काम एका माणसावर उभं असतं, एवढाच त्यातला दोष.

मुलांनी काय करायचं, आणि काय नाही

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मुलांचं नेतृत्व याचा अर्थ फुकटचे सफाई कामगार असा कुणी घेऊ नये. कचरा वेचायला लावणं ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. सॅनिटरी पॅड, डायपर, औषधं, सुया, फुटकी काच यांना मुलांनी हात लावायचा नाही. नदीपात्रात उतरायचं नाही. आणि आपल्या समाजात कचऱ्याला जात चिकटवली गेली आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून पाळी प्रत्येकाची, यादी हजेरीपटाच्या क्रमाने. त्यात पाटलाची मुलगी आली, भाडेकरूचा मुलगा आला, पहिला नंबर काढणाराही आला. कुणालाही सूट नाही आणि कुणावर ठरवून भार नाही.

मुलांचं काम म्हणजे ठरवणं, मोजणं, नोंदवणं, घरी समजावणं आणि प्रश्न विचारणं. उचलणं, वाहून नेणं, पैसे उभे करणं आणि उत्तर देणं हे मोठ्यांचं.

आता मोठ्यांकडे मागणी

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनो, घंटागाडीच्या हौद्यात मधोमध एक पत्रा बसवा. इथं अख्ख्या मोटारी बनतात. गाडीत एक पडदी वेल्ड करून देणारा कारागीर आपल्याला चार गल्ल्यांत सापडेल. गाडी नवी घेणार असाल तर दोन कप्प्यांचीच घ्या. सुका माल ठेवायला एक शेड द्या, तिला कुलूप द्या, वजनकाटा द्या. निधीची वाट नवी शोधावी लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, आणि त्यातला अर्धा स्वच्छतेसाठीच होता. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्याच्या व्यवस्थापनाचाही समावेश केला गेला. गावचा विकास आराखडा दरवर्षी आपणच करतो. त्यात ही ओळ लिहा.

खोलीमालकांनो, या पट्ट्यात पंचायतीखालोखाल तुमचा शब्द चालतो. खोल्यांच्या प्रत्येक रांगेला दोन मोठी पिंपं द्या. भाडं ठरवताना विजेचं, पाण्याचं बोलता, तसंच कचऱ्याचंही बोला. भाडेकरू घाण करतात ही तक्रार आपण नेहमी ऐकतो; पण डबाच नसेल तर त्याने टाकायचं कुठं?

कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांनो आणि कामगार बंधूंनो, तुमच्या शॉपफ्लोअरवर तेलकट चिंध्या एका रंगाच्या डब्यात जातात, लोखंडी बुरा दुसऱ्यात, पुठ्ठा तिसऱ्यात. चुकलं तर सुपरवायझर विचारतो, ऑडिटला उत्तर द्यावं लागतं. फाइव्ह एसची, म्हणजे प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवण्याची शिस्त तुमच्या अंगात मुरलेली आहे. तीच माणसं गेटबाहेर आली की सगळं एका पिशवीत का बांधतात? बाहेर ती व्यवस्था नाही म्हणून. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे पात्र कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायची असते, आणि शिक्षण, स्वच्छता, पर्यावरण हे तिन्ही विषय त्यात बसतात. एका दिवसाचं वृक्षारोपण आणि टी-शर्टवाटप यापेक्षा गावाला पाच वर्षांची बांधिलकी द्या: सुका माल उचलणारं एक वाहन, एका माणसाचा पगार आणि महिन्यातून एकदा शाळेत येऊन मुलांचं वहीतलं काम तपासणारा तुमचा एक माणूस. ऑडिट कसं करतात हे तुमच्याइतकं चांगलं मुलांना कोण शिकवणार?

दुकानदारांनो, राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे हे तुम्हाला माहीत आहे. मूल कापडी पिशवी घेऊन आलं तर त्याला शाबासकी द्या, आणि मोठा माणूस रिकाम्या हाताने आला तर त्याला पिशवी आणायला सांगायची हिंमत करा.

भंगाराचा धंदा करणाऱ्यांनो, तुम्हाला तर शाळेत पाहुणे म्हणून बोलवायला हवं. कुठलं प्लास्टिक विकतं, कुठलं नाही, ओला पुठ्ठा भावात का मार खातो, हे तुम्ही दहा मिनिटांत सांगू शकता. महिन्याचा एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी नक्की या.

शिक्षकांनो, तुमच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. आणखी एक नोंदवही तुमच्या माथी मारायची नाही. वही मुलांच्या हातात द्या आणि वारसाची सोय करा. आपल्याच खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्‌स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांत लोकांच्या पसंतीचा मान मिळवला. तिथं विषयमित्र ही पद्धत आहे, मुलंच मुलांना शिकवतात. तीच रीत इथं लावता येईल. सातवीच्या मुलीने शाळा सोडण्याआधी पाचवीच्या मुलाला पिंप, वजन आणि वही शिकवायची, आणि मगच निरोप घ्यायचा. सुट्टीतली पाळी जवळ राहणाऱ्या मुलांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी वाटून घ्यायची. समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्याच असतात, तेव्हा माणसं कमी पडायचं कारण नाही.

आक्षेप आणि उत्तरं

मुलांनी अभ्यास करावा, कचऱ्यात कशाला पडावं, असं काही पालक म्हणतील. ताणकाट्यावरचं वजन, सरासरी, टक्केवारी, आलेख, अर्ज कसा लिहावा, चार माणसांपुढं कसं बोलावं, हा अभ्यासच आहे. परीक्षेत विचारला तर मुलांना तो पाठ करावा लागणार नाही.

हे पंचायतीचं काम आहे, असंही कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि म्हणूनच ही मागणी पंचायतीकडे आहे. मुलं पंचायतीचं काम करणार नाहीत. पंचायत करते आहे की नाही याचा हिशेब वहीत ठेवतील.

एका शाळेने नदी साफ होईल का? होणार नाही. सांडपाण्याची प्रक्रिया केंद्रं, उद्योगांवरची देखरेख, वरच्या आणि खालच्या सगळ्या गावांचा मेळ हे सगळं लागेल. पण ज्या गावाने स्वतःचा कचरा आवरला आहे, तेच गाव वरच्याला जाब विचारू शकतं. आपल्या ओढ्यात पिशव्या तरंगत असताना आपण कुणाला काय विचारणार?

आणखी एक शंका जाणत्या माणसांच्या मनात येईल. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, गावं कशी झळकली ते अनेकांनी पाहिलं. तपासणीचा आठवडा सरला की बऱ्याच ठिकाणी पुन्हा येरे माझ्या मागल्या झालं. पण ज्या गावांत बचतगटांनी, तरुण मंडळांनी, शाळांनी रोजची घडी बसवली तिथं ती टिकली. बक्षिसासाठी केलेलं बक्षिसाबरोबर संपतं. रोजच्या गाडीशी, रोजच्या खिचडीशी, महिन्याच्या ठरलेल्या वाराशी जोडलेलं मात्र राहतं.

पुढची ग्रामसभा

आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. यातली जी आधी येईल ती धरू या. सभेच्या आधी शाळेत बालसभा घ्या. एका महिन्याच्या नोंदी मुलांनी मांडाव्यात: शाळेत ओला किती झाला, सुका किती, भंगारात किती गेला, काय गेलंच नाही, गाडीने किती वेळा दोन्ही एकत्र केलं. मग दोन मुलांनी, एक गावातलं आणि एक भाडेकरू कुटुंबातलं, हा कागद ग्रामसभेत वाचावा. विषयपत्रिकेवर तो पहिला घ्या. शेवटी ठेवला तर तोवर माणसं उठून गेलेली असतात.

आणि त्यावर नुसत्या टाळ्या नकोत. ठराव हवा. ठरावात चार गोष्टी लिहा. गावात कुठल्याही गाडीत ओला आणि सुका कचरा एकत्र केला जाणार नाही. सुक्या मालासाठी शेड आणि उचलण्याचा ठरलेला वार असेल. खोल्यांच्या प्रत्येक रांगेला दोन पिंपं बंधनकारक असतील. मुलांच्या वहीतल्या तक्रारीला पुढच्या ग्रामसभेत लेखी उत्तर दिलं जाईल.

आजूबाजूच्या गावांनीही हाच ठराव घ्यावा, म्हणजे एका गावाची पिशवी दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन पडणार नाही. कंपन्यांच्या प्रतिनिधींना त्या सभेचं रीतसर निमंत्रण द्या. भाडेकरूंना खोलीमालकांनी सोबत आणावं; मत देता येत नसलं तरी ऐकता येतं, बोलता येतं.

मुलांनी त्यांचं काम केलं आहे, अजूनही करतील. त्यांना शाल-श्रीफळ नको, प्रमाणपत्र नको. त्यांनी वेगळं केलेलं वेगळं राहावं, एवढीच त्यांची मागणी आहे आणि ती न्याय्य आहे. ठराव आजच लिहून काढा. सूचक म्हणून तुमचं नाव घाला, अनुमोदक म्हणून शेजाऱ्याचं, आणि सभेच्या दिवशी दोघेही हजर राहा.